आणायला कोण येणार

प्रिय जनी,

पत्र पाहून घाबरू नकोस. सगळं ठीक आहे. मी बरा आहे, घर बरं आहे, कोंबड्याही बऱ्या आहेत. ही ओळ मुद्दाम आधी लिहिली. तुझा भाऊ गेल्याचं कार्डानेच कळलं होतं, तेव्हापासून पत्र म्हटलं की तुझ्या छातीत धस्स होतं, हे मला माहीत आहे. म्हणून एवढं वाच, घोटभर पाणी पी आणि मग पुढचं वाच.

'प्रिय' लिहावं की नाही यात अर्धी सकाळ गेली. आयुष्यात मी लिहिले ते कारखान्यातले रजेचे अर्ज, त्यात 'माननीय साहेब' असायचं. सातवीतून शाळा सुटली, आणि बायकोला काय लिहितात ते सातवीपर्यंत शिकवत नाहीत. आधी 'सौ.' लिहून पाहिलं, तर लग्नाची पत्रिका वाटायला लागली. शेवटी प्रियच ठेवलं. कोणी वाचून हसलं तर हसो. पण पाकिटावर तुझं नाव ठळक घातलं आहे, म्हणजे किरण आणि श्रद्धा, मुलगा-सून दोघंही, फोडणार नाहीत. तू चौथीपर्यंतची, म्हणून आतलं अक्षरही मोठं काढलं आहे. छकुली झोपली की खिडकीत बसून सावकाश वाच, चष्मा लावून वाच, डोळे ताणू नकोस.

तर त्या रविवारच्या फोनवरचं. किरणने फोन टेबलावर टेकवून ठेवला होता, सगळे दिसत होते, सगळ्यांना ऐकू येत होतं. त्याने विचारलं, "बाबा, छकुली शाळेत जायला लागेपर्यंत आई इथेच राहिली तर तुम्हाला चालेल ना? नाहीतर खाली पाळणाघर आहे, तिथे महिनाअखेरपर्यंत नाव घालावं लागेल." मी म्हणालो, चालेल की, माझं काय. तू बाजूला बसून छकुलीला खिमट भरवत होतीस. किरण म्हणाला, बघ आई, बाबांचं काही नाही. तू "बरं" म्हणालीस आणि वाटी घेऊन उठलीस. त्या दिवसापासून तुझं ते "बरं" माझ्या डोक्यातून जात नाही. खुशीने म्हणालीस की कंटाळून, ते फोनवर काही कळत नाही. गणपती बोळवून तू गेलीस, दिवाळीला येते म्हणालीस, मग संक्रांत म्हणालीस, आता एकदम शाळेवर गेलं. माझं म्हणणं काही नाही. मी चालेल म्हटलं आहे. पण इथलं सगळं तुला नीट कळलेलं असावं, म्हणजे तुला ठरवायला बरं, म्हणून लिहितो.

सकाळी उठून चुलीवर आंघोळीचं पाणी तापवतो. गॅस फक्त चहापुरता लावतो. तरी बटण बंद केलं की नाही ते बघायला ओट्यावरून पुन्हा आत जातो, बाहेर येतो, पुन्हा जातो. बॉयलरवर जन्म काढला त्याची ही सवय. तिथे काट्यावरची नजर हलली की घात, आता काटा नाही पण नजर राहिली आहे. चहा घेऊन ओट्यावर बसतो. थंडी आहे अजून. ऊन आधी गोठ्याच्या पत्र्यावर येतं, मग पेरूच्या शेंड्यावर, मग ओट्याच्या कडेला. मी खुर्ची सरकवत उन्हाच्या मागे मागे जातो. नोकरीत सकाळचं ऊन मी कधी बसून घेतलंच नाही. रात्रपाळीहून आलो की गोधडीत शिरायचो, दिवसपाळी असली तर अंधारात खालापूरकडे निघायचो. सुटून इतकी वर्षं झाली तरी अजून वाटतं, हे ऊन आपल्याला कोणी चुकून दिलं आहे, आता येऊन उठवेल. कोणी येत नाही. चहा संपतो तरी बसून राहतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, कपात काही उरलंय का बघताय काय.

ऊन तापलं की रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसतो. रोहिदास आधीच आलेला असतो. गाडी जाते, जीपा जातात, कोण उतरलं कोण चढलं ते आम्ही बघतो. जीपच्या मागच्या पायरीवर पोरं लोंबकळत असतात ते बघून मला घाम फुटतो. मी हाका मारतो, अरे आत बसा, तर रोहिदास सगळ्यांसमोर सांगतो की आमच्या नागूला पेन्शन काळजी करायचीच मिळते, गावातल्या सगळ्यांची तो एकटा करून ठेवतो, आपण निवांत झोपायचं. मग हसतात लोक. मीही हसतो. त्याच्याकडे कालचा पेपर येतो तो आम्ही दोघं वाटून वाचतो. तो क्रिकेट वाचतो, मी अपघात वाचतो. पुण्याकडचा अपघात असला की गाडीचा रंग दिलाय का ते आधी बघतो, किरणची गाडी पांढरी आहे म्हणून.

भाकरी मी शिकलो आहे, हे तुला फोनवर सांगितलं नव्हतं. पहिले काही दिवस शेजारून गोदावहिनी पाठवायच्या, पण त्यांनाही गुडघे आहेत. म्हटलं आपण बघू. आधी परातीत पीठ फुटायचं, मग तव्यावर चिकटायचं. उकड काढायची असते हे मला कुठे माहीत, तुझ्या हाताकडे इतकी वर्षं बघितलं पण पिठात गरम पाणी असतं हे दिसलंच नाही. गोदावहिनींनी सांगितलं तेव्हा कळलं. मग एके दिवशी एक भाकरी टम्म फुगली. अगदी तुझ्यासारखी, वरचा पापुद्रा सुटून वर आलेला. मी ती तव्यावरून उचलली आणि मागे वळलो. दाखवायला कोणी नव्हतं. उभ्याने खाल्ली. दूध होतं, बरी लागली.

बाजाराच्या दिवशी कशेळ्याला जातो. सुके बोंबील घेतो ते काही चांगले मिळत नाहीत. आपली नेहमीची सुकटवाली माझ्याकडे बघून विचारते, मावशी कुठं हाय. मी म्हणतो पुण्याला, नातीकडे. ती म्हणते, मावशीला घेऊन या, मग चांगला माल काढते, तुमाला दिला काय नि न दिला काय. तरी वजनात एक मूठ वर टाकते. तुझ्या नावावर टाकते, माझ्या नाही. येताना एखाद्या वेळी शेव घेतो. तुझं लक्ष नसताना शेव खायची मजा वाटेल असं वाटलं होतं. तेवढी काही वाटली नाही.

तुझ्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना. लिफ्टमध्ये एकटी बसू नकोस, वीज गेली तर आत अडकतात असं पेपरात होतं. छकुलीला गॅलरीत कडेवर घेऊन वाकून बघू नकोस. हे मी फोनवर बोललो की श्रद्धा हसते, म्हणून इथे लिहिलं.

वाल यंदा छान आला आहे. भात काढल्यावर ओलीवर मी आणि रोहिदासने पेरला, दव चांगलं पडलं, पाणी द्यावंच लागलं नाही. सकाळी शेतात गेलं की पाय भिजतात आणि शेंगांचा तो वास येतो. तुला माहीत आहेच. रोज जाऊन बघतो. करण्यासारखं काही नसतं, वाल आपला आपण वाढतो, पण बांधावर बसून बघायला बरं वाटतं.

आता कालची गोष्ट सांगतो. काल पोपटी लावली. शेंगा जून होत चालल्या होत्या, आणखी थांबलो असतो तर यंदा पोपटी झालीच नसती. दरवर्षी मडकं तूच भरतेस, आम्ही नुसता जाळ करून खायला बसतो. यंदा मडकं कोण भरणार हा प्रश्न निघाला. गोदावहिनी म्हणाल्या मी भरते, पण मलाच काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं मी भरतो. बांधावरून भांबुर्ड्याचा पाला काढून आणला. तळाला पाला घातला, मग शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे अंडी आणि बटाटे, रोहिदासने मसाला लावून आणलेली कोंबडी पानात गुंडाळून ठेवली, वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबला. मडकं उपडं ठेवलं, भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या. तू बघितलं असतंस तर नाव ठेवायला जागा नव्हती. इथपर्यंत सगळं बरोबर झालं.

पण मला बसवेना. जाळ बसला की मला वाटायचं मडकं तडकलं असेल, आतलं करपलं असेल. मी काठीने निखारा बाजूला सारायचो आणि मडक्यावर पाणी शिंपडून बघायचो. पाणी चर्र करून लगेच उडालं म्हणजे झालं, हे मला माहीत आहे. उडायचं नाही. मग निखारा पुन्हा सारखा करायचो. जरा बसायचो, पुन्हा उठायचो. रोहिदास म्हणाला, अरं नागू, बॉयलरचं झाकण पण असंच उघडून बघत व्हतास का. मी म्हटलं, तू गप्प बस, कोंबडी जळाली तर तूच ओरडशील. इतक्या वेळा मी जाळ मोडला की शेवटी गोवऱ्याच विझत आल्या. मग कंटाळून सगळे म्हणाले झालं असेल, काढा. मडकं सरळ करून पाला काढला तर शेंगा हिरव्यागार. वरच्या काही बऱ्या, आतल्या दाताखाली कचकन लागत होत्या. मी अंडं फोडलं तर बलक बोटांवरून ओघळला. कोंबडीचं तर विचारू नकोस, ती गोदावहिनींनी घरी नेऊन पातेल्यात घातली.

सगळे हसले. पोटभर हसले. मीही हसलो, पण बोटं पुसत बाजूला बांधावर जाऊन बसलो. तेव्हा गोदावहिनी वरच्या भाजलेल्या शेंगा ताटलीत घेऊन माझ्याजवळ आल्या. त्यांची जीभ तुला माहीत आहे. त्या उभ्या राहूनच म्हणाल्या, "भावजी, मडक्याला इतक्या येळा उठून बघितलंत. बायकोला एकदा तरी जाऊन बघून आलात का?"

मी म्हटलं, वहिनी, ती तिथे सुखात आहे, नातीत रमली आहे, मी कशाला मधे येऊ. तर त्या म्हणाल्या, "जनीचा मला फोन आला व्हता. इचारत व्हती, वाल कसा हाय, पोपटी कवा लावताय. मी म्हनलं, ये की गं मग. तर म्हनली, येईन, पन आणायला कोन येनार?" एवढं बोलून त्या ताटली माझ्या मांडीवर ठेवून गेल्या.

जनी, मी त्या शेंगा तशाच धरून बसलो. लग्नानंतर तू कोंडाण्याला माहेरी जायचीस ते आठवलं. गौरीला जायचीस, दिवाळीला जायचीस, आणि आपणहून परत यायची नाहीस. रस्ता तुला पाठ होता, दिवसाउजेडी येण्यासारखं होतं, पण तुझी आई म्हणायची, लेक एकटी चालत सासरी गेली तर लोक काय म्हणतील, तिला तिकडे कोणी पुसत नाही म्हणतील. आणायला माणूस गेला की तू अर्ध्या तासात तयार. मी सुटीच्या दिवशी यायचो. तुझी आई तांदळाचे पापड फडक्यात बांधून द्यायची, ती गाठोडी मी घ्यायचो. गाव दिसेनासं होईपर्यंत तू माझ्या मागून चालायचीस आणि नदी ओलांडली की बरोबर. तिथून घरापर्यंत तुझं बोलणं थांबायचं नाही. माहेरच्या सगळ्या गोष्टी मला तेव्हाच कळायच्या, कोणाची म्हैस व्याली, कोणाचं कोणाशी फाटलं. मला त्यातलं अर्धं कळायचं नाही, पण मी हं हं करायचो.

हे सगळं मला माहीत असून माझ्या लक्षात आलं नाही. मी असं धरून चाललो होतो की ते माहेर होतं आणि हे आपल्या मुलाचं घर. किरण गाडीत घालून घेऊन गेला, तर किरणच आणून सोडेल. मुलाच्या घरातून बायकोला आणायला नवऱ्याने जायचं असतं असं मी कुठे पाहिलेलं नाही. आणि दुसरं खरं सांगायचं तर मला वाटलं तुला तिथे बरं वाटत असेल. फोनमध्ये तुझ्या मागे ती स्वच्छ भिंत दिसते. नळाला गरम पाणी येतं, चुलीचा धूर नाही, विहिरीवर वाकावं लागत नाही. मांडीवर छकुली. इथे काय आहे, मी आहे आणि कोंबड्या आहेत. तुला यायचं असेल तर तू म्हणशील, असं मी म्हणत राहिलो. तू तिकडे म्हणत असशील, त्यांना हवी असेन तर ते येतील. आणि किरण बिचारा, त्याला काय कळणार. त्याने विचारलं, मी चालेल म्हटलं, त्याने धरलं चालेल.

काल रात्री गोदावहिनींनी शिजवलेली कोंबडी पाठवली ती खाल्ली. मग विचार केला की फोन करावा. पण फोन केला की तो टेबलावर टेकवून ठेवतात. छकुली त्यात तोंड घालते, श्रद्धा विचारते जेवलात का, किरण विचारतो गोळी घेतली का. त्या सगळ्यांच्या देखत मला तुझ्याशी हे बोलता येणार नाही, आणि तुलाही येणार नाही. तू पुन्हा बरं म्हणशील. म्हणून हे पत्र. आज सोमवार आहे. शनिवारी मी तुला आणायला येतो आहे. पाळणाघराचं महिनाअखेर म्हणाले आहेत, त्याच्या आत आलेलं बरं. श्रद्धाला तू आधी सांग, नीट सांग, तिला वाईट वाटू देऊ नकोस, पोरगी चांगली आहे. शेंगा भरपूर आहेत, त्यांच्यासाठी पिशवी भरून आणतो, आणि छकुलीला उन्हाळ्यात इकडे पाठवा म्हणावं, मी तिला डोळ्यांआड होऊ देणार नाही. समज तुझा जीवच तिथे लागला असेल आणि तुला राहायचं असेल, तर तसं मला सांग, मी रुसणार नाही, संध्याकाळच्या गाडीने परत येईन. पण आणायला माणूस आला होता, एवढं तरी होईल. कशेळ्याहून एसटीने कर्जतला आणि तिथून रेल्वेने येतो. घाटात खिडकीतून खाली कोंडाणं दिसतं असं रोहिदास सांगतो, कोणत्या बाजूला ते त्याला आठवत नाही, मी दोन्ही बाजूंना बघीन. कोंबड्यांना गोदावहिनी बघतील. लिफ्टमध्ये मी पाय ठेवणार नाही, जिन्याने येईन, त्यामुळे वर यायला वेळ लागला तर चिंता करू नकोस. पत्र शुक्रवारपर्यंत पोचेल असं पोस्टात म्हणाले, माझा काही भरवसा नाही त्यांच्यावर, पण तू वाट बघ. आणि बेल वाजली की दार तू उघड. किरणने उघडलं तर मी म्हणेन सहज आलो होतो, चहा पिईन, नातीला खेळवीन, आणि उठून एकटाच घरी येईन. मी मला ओळखतो.

तुझाच, आणखी कोणाचा,
नागू